सर्वात मौल्यवान कोण, हे ठरवणार कोण?

अमेरिकेत दरवर्षी नोव्हेंबर महिना आला की बेसबॉलच्या चाहत्यांमध्ये एक वाद पेटतो. 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर', म्हणजे त्या मोसमातील सर्वात मौल्यवान खेळाडू, हा किताब कुणाला मिळावा? चेंडू प्रेक्षकांत भिरकावून देणाऱ्या दणकेबाज फलंदाजाला, की फलंदाजीबरोबर धावण्यात आणि क्षेत्ररक्षणातही तरबेज असणाऱ्या अष्टपैलू खेळाडूला? संघ हरला तरी त्याचा फलंदाज मौल्यवान ठरू शकतो का? आकडे पाहायचे की चारित्र्य?

हा वाद वरवर खेळाचा आहे. पण वाचकहो, नीट पाहिले तर हा 'गुणवत्तेचा' वाद आहे, आणि हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. १९९० मध्ये मंडल आयोगाच्या विरोधात आणि २००६ मध्ये केंद्रीय शिक्षणसंस्थांतील ओबीसी आरक्षणाच्या विरोधात ज्यांनी रस्त्यावर बूट पॉलिश करून आणि झाडू मारून दाखवला, त्यांच्याही तोंडी हाच शब्द होता. गुणवत्ता! ती कुठल्या काट्यावर तोलली जाते, तो काटा कुणाच्या हातात असतो आणि काट्यापर्यंत कुणाला येऊच दिले जात नाही, हे प्रश्न मात्र कुणी विचारायचे नाहीत. बेसबॉलमधील या किताबाचा इतिहास म्हणूनच आपण वाचला पाहिजे. त्या इतिहासाच्या मध्यभागी एक दणकेबाज फलंदाज उभा आहे. त्याचे नाव जॉश गिब्सन.

किताबाचा हिशेब

आधी किताब समजून घेऊ. 'बेसबॉल रायटर्स असोसिएशन ऑफ अमेरिका' ही क्रीडा पत्रकारांची संघटना १९३१ पासून हा किताब देते. अमेरिकेत मोठ्या दर्जाच्या दोन लीग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. प्रत्येक लीगसाठी वेगळा किताब असतो. आजच्या पद्धतीत लीगमधील प्रत्येक संघाच्या शहरातून दोन पत्रकार मत देतात. म्हणजे १५ संघांचे ३० मतदार. प्रत्येकाने दहा नावे क्रमाने लिहायची. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८ आणि असे करत दहाव्याला १.

'मौल्यवान' म्हणजे नेमके काय, याची पक्की व्याख्या मतदारांना दिलेली नाही. संघासाठी खेळाडूचे प्रत्यक्ष मोल, फलंदाजीतील आणि क्षेत्ररक्षणातील ताकद, किती सामने खेळला, चारित्र्य, निष्ठा आणि मेहनत, एवढे निकष सांगून बाकीचे मतदाराच्या विवेकावर सोडले आहे.

विवेक माणसाचा असतो आणि माणसाला राग-लोभ असतात. बोस्टनचा टेड विल्यम्स याचे उदाहरण. १९४१ मध्ये त्याने ०.४०६ ची सरासरी काढली. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे दर हजार संधींमागे किती वेळा फलंदाजाने चेंडू यशस्वीपणे मारला. तीनशेच्या पुढे गेला तो उत्तम फलंदाज. चारशेच्या पुढे जाणे म्हणजे जवळजवळ अशक्य. तरीही त्या वर्षी किताब मिळाला सलग ५६ सामन्यांत चेंडू यशस्वीपणे मारणाऱ्या जो डिमॅजिओला. १९४२ आणि १९४७ मध्ये विल्यम्सने सरासरी, होमरन आणि संघाला मिळवून दिलेल्या धावा या तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. दोन्ही वर्षी किताब दुसऱ्यालाच गेला. १९४७ मध्ये तर तो २०२ विरुद्ध २०१ अशा एका गुणाने हरला. पत्रकारांशी विल्यम्सचे पटत नव्हते, हे जगजाहीर होते. त्या एका गुणाबद्दल अमेरिकेत आजही भांडण होते.

अन्याय झाला असेल. पण विल्यम्सला निदान भांडायला जागा होती. त्याचे नाव मतपत्रिकेवर येऊ शकत होते. तो एका गुणाने हरला, म्हणजे त्याला २०१ गुण तरी मिळाले. ज्याचा मतपत्रिकेशी संबंधच येऊ दिला नाही, त्याने कुणाशी भांडायचे?

नियम नसलेला नियम

जॉश गिब्सनचा जन्म २१ डिसेंबर १९११ रोजी जॉर्जिया राज्यातील ब्युएना व्हिस्टा या गावचा. दक्षिणेकडील वर्णद्वेष आणि दारिद्र्य मागे टाकून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडच्या कारखान्यांकडे निघाली होती. गिब्सनचा बापही त्यांच्यासारखाच पिट्सबर्गला पोलादाच्या कारखान्यात लागला. १९३० मध्ये कोवळ्या वयाचा जॉश 'होमस्टेड ग्रेज' या संघातून खेळू लागला. त्याच वर्षी जुळ्यांच्या बाळंतपणात त्याची तरुण बायको दगावली. पुढे 'पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स' आणि पुन्हा ग्रेज, असा त्याचा प्रवास झाला.

तो कॅचर होता. आपल्याकडच्या यष्टिरक्षकासारखी ही जागा, पण त्याहून कष्टाची. नऊ डाव उकिडवे बसायचे, गोळीसारखा चेंडू झेलायचा आणि गुडघे, बोटे झिजवायची. हे करून जो फलंदाजीतही पहिला येतो, तो कुठल्याही संघाला सोन्याच्या मोलाचा. लोक त्याला 'काळा बेब रूथ' म्हणत. काळ्या माणसाच्या कर्तृत्वाला गोऱ्याच्या नावाचे माप लावायचे, ही सवय तेव्हाही होती. रूथला 'गोरा गिब्सन' म्हणावे, असे किती गोऱ्यांना सुचले असेल?

गिब्सन मोठ्या लीगमध्ये का नव्हता? तसा कुठे लिहिलेला नियमच नव्हता! १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या संघातून खेळला होता. त्यानंतर संघमालकांनी आपापसात 'सभ्य माणसांचा करार' केला आणि साठहून अधिक वर्षे एकाही काळ्या खेळाडूला आत येऊ दिले नाही. बेसबॉलचे पहिले आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस हे पूर्वाश्रमीचे न्यायाधीश. १९२० ते १९४४ अशी चोवीस वर्षे त्यांची सत्ता चालली. १९४२ मध्ये त्यांनी जाहीर केले की काळ्या खेळाडूंना घेण्यास मनाई करणारा कोणताही नियम नाही. शब्दशः खरे होते. गावच्या पाणवठ्यावर तरी कुठे नियम लिहून ठेवलेला होता? अलिखित बंदी हीच सर्वात पक्की बंदी असते. ती रद्द करायला कागदच सापडत नाही.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९४३ मध्ये, गायक आणि अभिनेते पॉल रॉबसन आणि काळ्यांच्या वृत्तपत्रांचे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये संघमालकांच्या बैठकीपुढे गेले. लँडिस अध्यक्षस्थानी होते. रॉबसन यांनी बंदी उठवण्याची मागणी केली. मालकांनी टाळ्या वाजवल्या आणि काहीही केले नाही.

तेच १९४३ साल गिब्सनचे होते. वर्षाच्या सुरुवातीलाच त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले आणि त्याने शस्त्रक्रिया नाकारली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. अशा अवस्थेत मैदानात उतरून त्याने त्या मोसमात ०.४६६ ची सरासरी गाठली आणि त्याच्या ग्रेज संघाने निग्रो लीगची अंतिम मालिका जिंकली. त्या वर्षीचा नॅशनल लीगचा 'सर्वात मौल्यवान खेळाडू' ठरला सेंट लुईसचा स्टॅन म्युझियल. त्याची सरासरी ०.३५७. म्युझियल थोर खेळाडू होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण अर्ध्या मैदानाला कुंपण घालून उरलेल्या अर्ध्यातला पहिला तो देशात पहिला, असे म्हणणे हा हिशेब नव्हे.

शंका आणि उत्तरे

गिब्सनच्या विरोधात काही मुद्दे मांडले जातात. ते टाळून पुढे जाणे योग्य नाही.

पहिला मुद्दा: निग्रो लीगचे मोसम छोटे. मोठ्या लीगमध्ये त्या काळी १५४ सामने होत, इथे साधारण साठ ते ऐंशीच धरता येतात. थोड्या सामन्यांत सरासरी फुगते. मुद्द्यात तथ्य आहे. पण मोसम छोटे का होते? या संघांकडे स्वतःची मैदाने क्वचितच असत. गोऱ्यांचे संघ गावाबाहेर गेले की त्यांची मैदाने भाड्याने घ्यायची, मधल्या काळात पोट भरण्यासाठी गावोगाव प्रदर्शनी सामने खेळायचे, रात्र बसमध्ये काढायची, कारण हॉटेलात काळ्यांना जागा नाही. त्या असंख्य सामन्यांतील धावा आज हिशेबात धरल्याच जात नाहीत. शिवाय २०२० मध्ये कोरोनामुळे मोठ्या लीगचा मोसम अवघ्या ६० सामन्यांचा झाला. त्या ६० सामन्यांवर फ्रेडी फ्रीमन आणि होजे अब्रेयू यांना 'मौल्यवान' किताब दिलाच ना? मग साठ सामने एका लीगचे पुरेसे आणि दुसऱ्या लीगचे अपुरे कसे?

दुसरा मुद्दा: नोंदी अपुऱ्या. हेही खरे. गिब्सनच्या स्मृतिफलकावर लीग आणि इतर सामने धरून 'जवळजवळ ८००' होमरनचा उल्लेख आहे. कागदोपत्री लीगमधील होमरन निघतात पावणेदोनशेच्या आसपास. यांकी स्टेडियमच्या बाहेर त्याने चेंडू भिरकावल्याची कथा सांगितली जाते, तिला पुरावा नाही. दंतकथेला दंतकथाच म्हटले पाहिजे. आपल्या नायकाला मोठे करण्यासाठी खोट्याची गरज नाही. पण नोंदी कुणी ठेवायच्या होत्या? गोऱ्यांच्या वृत्तपत्रांना या सामन्यांत रस नव्हता. जे काही उरले ते 'पिट्सबर्ग कुरिअर', 'शिकागो डिफेंडर', 'बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन' अशा काळ्यांनी चालवलेल्या वृत्तपत्रांमुळे उरले. १९३३ पासून शिकागोत भरणाऱ्या पूर्व-पश्चिम सामन्याचे खेळाडू याच वृत्तपत्रांच्या वाचकांनी मते देऊन निवडले. बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला ३१ जानेवारी १९२० रोजी आणि रूब फॉस्टर यांनी कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीगची स्थापना केली १३ फेब्रुवारी १९२० रोजी. दोन्हींमध्ये तेरा दिवसांचे अंतर. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण दोघांना कळलेली गोष्ट एकच होती. आपली नोंद आपणच ठेवली नाही, तर उद्या आपण नव्हतोच असे सांगितले जाईल.

तिसरा आणि सर्वात आवडता मुद्दा: प्रतिस्पर्धी दुय्यम होते. दुबळ्या गोलंदाजीवर कुणीही धावा काढील! याचे उत्तर भाषणात नाही, आकड्यांत आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि बंदी मोडली. त्यानंतर नॅशनल लीगचा हाच किताब कुणाला मिळाला ते पाहा. १९४९ रॉबिन्सन. १९५१, १९५३ आणि १९५५ रॉय कॅम्पानेला. १९५४ विली मेज. १९५६ डॉन न्यूकम. १९५७ हँक अॅरन. १९५८ आणि १९५९ अर्नी बँक्स. म्हणजे १९४९ ते १९५९ या अकरा वर्षांत नऊ वेळा किताब काळ्या खेळाडूंकडे गेला. आणि हे सहाही जण निग्रो लीगमधून आलेले! मतदार तेच, बहुतेक सगळे गोरे. निकषही तेच. बदलली एकच गोष्ट, दार उघडले. ज्या 'दुय्यम' लीगने दहा-बारा वर्षांत एवढे रत्नभांडार दिले, ती दुय्यम होती की ती दुय्यम ठरवण्यात कुणाचा तरी स्वार्थ होता?

कॅम्पानेला हाही कॅचर. त्याने तीन वेळा किताब मिळवला. निग्रो लीगमध्ये तो गिब्सनच्या विरुद्ध खेळला होता आणि तिथे पहिला कॅचर गिब्सन मानला जात असे. मग गिब्सनला किती किताब मिळाले असते, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. जे घडूच दिले नाही त्याचा पक्का आकडा कुणीच देऊ शकत नाही, आणि बंदीचे खरे नुकसान तेच असते.

रॉबिन्सन मैदानात उतरला तेव्हा गिब्सन जिवंत नव्हता. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी, तो पिट्सबर्गमध्ये वारला. तीन महिनेही उरले नव्हते. त्याच्या थडग्यावर १९७५ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. १९६६ मध्ये 'हॉल ऑफ फेम'मध्ये प्रवेश करताना भर सभेत गिब्सन आणि सॅचेल पेज यांनाही तिथे स्थान मिळावे, अशी इच्छा बोलून दाखवली ती टेड विल्यम्सने. एका गुणाने हरलेल्या माणसाला शून्य गुणांची वेदना समजली, याची नोंद घेतली पाहिजे. गिब्सनला ते स्थान मिळायला १९७२ उजाडले.

पाटीवरचे नाव

आता या किताबाच्या पोटातली खरी विसंगती. १९४४ मध्ये त्याला लँडिस यांचे नाव दिले गेले. त्यानंतर तीन पिढ्या विजेत्याला मिळणाऱ्या पाटीवर लँडिस यांचे नाव आणि चेहरा कोरलेला होता. म्हणजे रॉबिन्सन, कॅम्पानेला, मेज, अॅरन, बँक्स यांनी कर्तृत्वाने मिळवलेल्या पाटीवर कुणाचा चेहरा? ज्याच्या चोवीस वर्षांच्या राजवटीत त्यांच्यासारख्या एकालाही प्रवेश मिळाला नाही, त्याचा! आणि निकषांत 'चारित्र्य' आहे, हे विसरू नका.

२०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर अमेरिका हादरली. बॅरी लार्किन, टेरी पेंडलटन आणि माइक श्मिट या जुन्या विजेत्यांनी या नावावर आक्षेप घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये पत्रकार संघटनेने मतदान घेतले आणि ८९ टक्क्यांनी लँडिस यांचे नाव काढण्याचा कौल दिला. याच संघटनेने सॅम लेसी यांच्यासारख्या कृष्णवर्णीय पत्रकाराला सभासदत्व दिले ते १९४८ मध्ये. पहिली सतरा वर्षे 'मौल्यवान' ठरवणारे सगळे गोरेच होते. काटा कुणाच्या हातात होता, हे यावरून कळावे.

डिसेंबर २०२० मध्ये 'मेजर लीग बेसबॉल'ने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना मोठ्या लीगचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये त्यांच्या २,३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदवहीत सामील झाले. त्या दिवशी कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबचे ०.३६७ मागे पडले आणि गिब्सन ०.३७२ वर पहिला आला. फटक्यांची ताकद मोजणाऱ्या आकड्यात बेब रूथचे ०.६९० मागे पडले, गिब्सन ०.७१८ वर पहिला. एका मोसमाच्या सरासरीत १८९४ पासून चालत आलेला ह्यू डफीचा ०.४४० चा विक्रम मोडला. कशाने? १९४३ च्या त्या ०.४६६ ने.

मग किताबाला नाव कुणाचे द्यावे? तीन नावे पुढे आली. ब्रँच रिकी, रॉबिन्सनला घेणारे ब्रुकलिनचे गोरे प्रमुख. फ्रँक रॉबिन्सन, दोन्ही लीगमध्ये हा किताब मिळवणारा खेळाडू. आणि जॉश गिब्सन, ज्याच्यासाठी त्याचे पणतू आणि त्याच्या नावाची संस्था मोहीम चालवत आली आहे.

रिकी यांचे धाडस मान्य. पण दार उघडणाऱ्या मालकाचा पुतळा आणि दाराबाहेर आयुष्य काढलेल्याची फक्त आठवण, ही वाटणी आपल्याला पुरेपूर ठाऊक आहे. शिवाय रिकी यांनी रॉबिन्सनला उचलले तेव्हा त्याच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या संघाला छदामही दिला नाही. फ्रँक रॉबिन्सनचे कर्तृत्व वादातीत आहे, पण त्याला त्याच्या हक्काचे किताब १९६१ आणि १९६६ मध्ये मिळाले. गिब्सनला ते नाकारले गेले. म्हणून नाव गिब्सनचे हवे. १९४३ चा किताब म्युझियलकडून काढून घ्या, असे कुणी म्हणत नाही. मागच्या तारखेने वाटलेली बक्षिसे ही दया असते. पण ज्या पाटीवर बंदी राखणाऱ्याचे नाव होते, तिथे बंदी सोसणाऱ्याचे नाव कोरणे ही दया नव्हे, तो हिशेब आहे.

पालवणकर बाळू आठवतात

ही कथा वाचताना पालवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. मैदानात चेंडू त्यांच्या हातात, चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदू संघाला त्यांनी विजय मिळवून दिले, पण कर्णधारपद कधी मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. गिब्सनला मैदानातच घेतले नाही, बाळूंना मैदानात घेतले आणि पंगतीबाहेर ठेवले. वर्ण आणि जात यांच्या कामाची पद्धत वेगळी असली, तरी गुणवत्तेला भिऊन दार लावण्याची वृत्ती एकच. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांच्या प्रश्नाशी आपल्या प्रश्नाचे साम्य सांगितले होते. त्याच वर्षी गिब्सन आपला शेवटचा मोसम खेळत होता.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. नाव कोरले की काम संपले, असे समजू नये. बंदी उठल्यावर मोठ्या संघांनी निग्रो लीगचे खेळाडू घेतले. त्यांचे मालक, व्यवस्थापक आणि प्रशिक्षक घेतले नाहीत. काळ्यांच्या हातात असलेला एक सबंध उद्योग बुडाला. मोठ्या लीगला पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक मिळाला १९७५ मध्ये, रॉबिन्सननंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी. १९९१ च्या सुमारास लीगमध्ये अमेरिकन कृष्णवर्णीय खेळाडू १८ टक्के होते. २०२३ च्या मोसमाच्या सुरुवातीला ते ६.२ टक्क्यांवर आले. २०२२ च्या अंतिम मालिकेत तर अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, १९५० नंतर प्रथमच. आज करार नाही, बंदी नाही. पण शाळकरी वयापासून महागडे प्रशिक्षण, महागडी साधने आणि प्रवासाचा खर्च ज्याला झेपतो तोच वर जातो. दाराला कुलूप नाही, पण तिकीट लावले आहे.

म्हणून प्रश्न एवढाच नाही की जॉश गिब्सन 'सर्वात मौल्यवान' ठरायला पात्र होता का. तो होता, आणि आता तर त्यांची स्वतःची नोंदवहीच तसे सांगते. प्रश्न असा आहे की आजच्या मैदानाबाहेर, शाळेबाहेर, नोकरीच्या दाराबाहेर असे किती गिब्सन उभे आहेत, ज्यांचे आकडे कुणी लिहूनच घेत नाही? गुणवत्तेच्या नावाने पुढच्या वेळी कुणी आपल्याला सुनावू लागला, तर त्याला ते अकरा वर्षांतले नऊ किताब सांगा. आणि विचारा, १९४७ च्या आधी ही गुणवत्ता कुठे होती? ती तिथेच होती. दार बंद होते.